कंडरेच्या दुरुस्तीचे शास्त्र आणि अकरावीची विषयनिवड

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापुढे डॉक्टर की इंजिनिअर असा प्रश्न अकरावीच्या प्रवेशावेळीच उभा केला जातो आणि त्या भरात गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय सुटतो. शरीरात बसवता येणारे पदार्थ, म्हणजेच जैवसामग्री, घडवणाऱ्या संशोधनाला मात्र हे दोन्ही विषय लागतात.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या, दोरासारख्या चिवट ऊतीला कंडरा म्हणतात. ती मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या समांतर तंतूंची बनलेली असून तिच्यात पेशी थोड्या व रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ती तुटल्यास सावकाश भरते आणि भरलेल्या जागेचा व्रण पूर्वीइतका ताण सहसा सोसत नाही. म्हणून संशोधक अशी तंतुमय आधारजाळी तयार करतात की जिच्यावर पेशींनी नवे कोलॅजेन रचावे, तोवर जाळीने भार पेलावा आणि पुढे ती शरीरातच हळूहळू विरून जावी. रेशीम हे त्यासाठी अभ्यासले जाणारे एक महत्त्वाचे द्रव्य आहे. त्यावरचा सेरिसिन हा डिंकासारखा थर काढला की फायब्रॉइन हे बळकट प्रथिन उरते. टसर रेशमाच्या फायब्रॉइनमध्ये तर पेशींना पकड देणारा अमिनो आम्लांचा क्रम निसर्गतःच असतो. गडचिरोली-भंडाऱ्याकडे टसरची अळी ज्या ऐनाच्या पाल्यावर पोसली जाते, तो ऐन शहापूर-मुरबाडच्या जंगलांतही आहे, त्यामुळे हा विषय इथल्या मुलांना मुळीच परका वाटू नये.

रेशीम उकळून सेरिसिन काढणे, तंतू किती बलाने तुटतो हे मोजणे, एवढे काम पदवीचा विद्यार्थीही मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करू शकतो आणि विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत मांडू शकतो. पेशींवरील व प्राण्यांवरील चाचण्या पुढच्या, सुसज्ज प्रयोगशाळेतल्या आणि प्राण्यांच्या बाबतीत नैतिकता समितीच्या परवानगीच्या.

बारावीनंतर जैववैद्यकीय, पॉलिमर किंवा वस्त्र अभियांत्रिकीची पदवी घेता येते. ‘गेट’ परीक्षेत 2020 पासून जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर असून पवईच्या आयआयटीत या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण व पीएचडी करता येते. केवळ पदवीवर संशोधकाची जागा मिळणे अवघड आहे आणि पीएचडीपर्यंत दहाएक वर्षे लागतात, हे पालकांना आधीच स्पष्ट सांगायला हवे. तथापि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली असल्याने पीएचडीचा काळ घरावर भार होतोच असे नाही. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची स्वतंत्र अधिछात्रवृत्ती आहे आणि इतर शैक्षणिक योजनांची चौकशी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते.

पालकांनी अकरावीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय त्यात आहेत ना, एवढे अवश्य पाहावे.