ठिपके गेले म्हणजे रोग गेला का? टाकीतल्या माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग



आपल्यापैकी बरेच सभासद तलावातल्या रोहू-कटलासोबत घरी काचेच्या टाकीत शोभेचे मासेही ठेवतात. कोणी हौसेसाठी ठेवतं, कोणी दोन-चार टाक्या लावून विक्री करतं. माळव्यात थंडी सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो. "माशाच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके आलेत. औषध टाकलं, ठिपके गेले. आठवड्यात परत आले, आणि या वेळी मासे मेले." असं का होतं आणि काय करायचं, हे आज शिकूया.

आधी पाणी, मग मासा, मग औषध

मासा वर येऊन तोंड मारतोय, कोपऱ्यात गप्प बसलाय, खात नाहीये. एवढ्यावरून रोग ठरवू नका. नवीन टाकीत अमोनिया वाढला तरी मासा असंच करतो. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू गाळणीत वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी दिसायला स्वच्छ असली तरी पाणी विषारी असू शकतं.

म्हणून दुकानात मिळणाऱ्या किटने अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्य हवेत. शून्य नसतील तर खाणं कमी करा आणि रोज पाव टाकी पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते काढल्याशिवाय टाकीत घालू नका. औषध नंतर. पाणी खराब असताना टाकलेलं औषध माशाला दुहेरी मार देतं.

ठिपका नीट बघा

टॉर्च बाजूने धरून बघितलं की बरंच कळतं.

१. मिठाच्या किंवा रव्याच्या दाण्यासारखे सुटे, उठावदार ठिपके, साधारण एक मिलिमीटरपर्यंत, अंगावर आणि परांवर. मासा खडीला अंग घासतो. हा आपला आजचा रोग. दुकानदार याला 'इच' म्हणतात.

२. पिठासारखी, पिवळसर-सोनेरी बारीक भुकटी. हा मखमल रोग. तो वेगळा परजीवी आहे.

३. कापसासारखे पुंजके. ही बुरशी असू शकते. पण तोंडाभोवती पांढरट-राखाडी थर असेल तर बहुधा जिवाणूंचा रोग समजा. त्यात पाणी गरम केलं तर रोग आणखी जोरात वाढतो. म्हणून ओळख पटल्याशिवाय हीटर वाढवू नका.

४. फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर ओळीने ठिपके, आणि मासा धडधाकट. हा बहुतेक विणीच्या हंगामातला नर गोल्डफिश असतो. त्याला रोग नाही, त्याला औषध देऊ नका.

कधी कधी इच आधी कल्ल्यांत शिरतो. अंगावर एकही ठिपका नसतो, पण मासा भराभर श्वास घेतो. पाणी चांगलं असूनही असं होत असेल आणि नुकतेच नवीन मासे आणले असतील, तर इचचा संशय धरा.

हा रोग चालतो कसा

खरी गोम इथे आहे. ठिपका म्हणजे एक सूक्ष्म परजीवी. तो माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून माशाला खातो. तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो माशाला सोडून तळाशी पडतो, खडीला किंवा वनस्पतीला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. तिथेही औषध लागू पडत नाही. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. मग कवच फुटून ही पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधतात. दोन-एक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

औषधाचा घाव फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर बसतो. म्हणजे ठिपके नाहीसे झाले याचा अर्थ इतकाच की परजीवी माशावरून उतरले. ते खाली खडीत वाढत असतात. नेमक्या याच दिवशी माणूस औषध बंद करतो, आणि आठवड्याने दसपट ठिपके येतात.

हे चक्र पाण्याच्या गरमीवर चालतं. २५-२६ अंशांना ते चार-सहा दिवसांत पुरं होतं. १० अंशांच्या आसपास महिनाही लागतो. थंडीत माशाची ताकद कमी होते आणि रोगही रेंगाळतो, दोन्हीकडून नुकसान.

उपचार

इच झालेला एकच मासा वेगळा काढून भागत नाही. पिल्लं सगळ्या टाकीत असतात, म्हणून उपचार सगळ्या टाकीला करायचा.

*गरमी:* गप्पी, मोली, एंजल अशा गरम पाण्याच्या माशांसाठी हीटरने दर दोन-तीन तासांनी एक अंश वाढवत २८ ते ३० अंशांवर न्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे. त्याला २५-२६ च्या वर नेऊ नका, तिथे मिठावर भर द्या.

*मीठ:* साधं खडे मीठ, लिटरला २ ग्रॅम. आधी टाकीतलं खरं पाणी मोजा. टाकी ६० सेंमी लांब, ३० रुंद, आणि खडीच्या वर पाणी २५ सेंमी, तर ६० × ३० × २५ = ४५,००० घन सेंमी, म्हणजे ४५ लिटर. मीठ लागेल ९० ग्रॅम. ते एकदम टाकू नका. ३०-३० ग्रॅमचे तीन भाग करा आणि बारा-बारा तासांच्या अंतराने मगभर पाण्यात विरघळवून घाला. मीठ वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटलं म्हणून भर घातली तर मीठ घालायचं नाही. १० लिटर पाणी बदललं तरच २० ग्रॅम घालायचं. बिनखवल्याचे मासे आणि कोरिडोरस यांना मीठ सोसत नाही, त्यांना निम्मंच द्या.

*तळ:* रोज नळीने खडीतला गाळ ओढून काढा. त्याबरोबर कवचंही निघून जातात.

*दुकानातलं औषध:* वापरायचं तर बाटलीवरच्या मापानेच, आणि गाळणीतला कोळसा आधी काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. दोन औषधं एकत्र करू नका. या रोगावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.

*किती दिवस:* शेवटचा ठिपका गेल्यापासून मोजा. २८ अंशांना आणखी पूर्ण एक आठवडा. २० अंशांच्या आसपास किमान दोन आठवडे. त्यानंतर थोडं थोडं पाणी बदलत मीठ कमी करा.

टाकीत जिवंत वनस्पती असतील तर मीठ त्यांना मारतं. अशा वेळी सगळे मासे दुसऱ्या भांड्यात काढून तिथे उपचार करा, आणि मूळ टाकी २६-२८ अंशांना दहा दिवस बिनमाशाची ठेवा. मासा न मिळाल्याने पिल्लं आपोआप मरतात.

आपल्या तलावासाठी सगळ्यात महत्त्वाचं

गोल्डफिश आणि रोहू-कटला एकाच कुळातले. टाकीतला इच तलावातल्या बीजालाही लागतो. म्हणून आजारी मासा "जगला तर जगेल" म्हणत तलावात सोडू नका. टाकीचं पाणी तलावात किंवा तलावाकडे जाणाऱ्या नाल्यात ओतू नका. टाकीची हातजाळी तलावावर नेऊ नका. जाळी आणि नळी उन्हात खडखडीत वाळवली की परजीवी मरतात.

टाकीसाठीच्या काही बाटल्यांत मॅलकाइट ग्रीन असतं. खाण्याच्या माशांत ते वापरायला आपल्या देशात बंदी आहे, कारण ते मांसात उतरतं. टाकीचं औषध टाकीतच राहू द्या. हातमोजे घाला, आणि बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

नवीन मासे आणताना

लांबून पिशवीत बंद होऊन आलेला मासा प्रवासाने दमलेला असतो, आणि रोग तेव्हाच डोकं वर काढतो. नवीन मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, त्यांची जाळी आणि नळीही वेगळी ठेवा. विक्री करणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये. एका पिशवीतल्या दोन माशांपायी चारही टाक्या रिकाम्या होतात, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

लक्षात ठेवा मंडळी: पाणी तपासा, ठिपका ओळखा, पाणी मोजून मीठ घाला, आणि ठिपके गेले तरी दिवस पुरे करा. डोळ्याला दिसणं थांबलं म्हणून हात थांबवू नका.