पेट्रोलची वाट कुठे अडली?

मोटारीला पेट्रोल लागते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण टाकी भरली म्हणजे काम झाले, असे नाही. पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत पोचले पाहिजे. वाटेत अडले, तर गाडी उभी. वाटेत सांडले, तर आगीचे भय. म्हणून ही वाट आज आपण नीट समजून घेऊ या.

उदाहरण म्हणून पद्मिनी मोटार घेऊ. मूळची ही इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून बनू लागली. पुढे १९७४ साली तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने मुंबईकरांना वर्षानुवर्षे घरी पोचवले. ऑक्टोबर २०२३ अखेर या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. तरी जपून ठेवलेल्या पद्मिनी अजून आहेत. त्या दुरुस्त करणारे हातही हवेत.

पेट्रोलची वाट अशी आहे. टाकी गाडीच्या मागच्या अंगाला असते. तिथून नळी पुढे येते. इंजिनाला लागून पेट्रोलचा पंप असतो. त्यात एक लवचीक पडदा असतो. इंजिन फिरले की पडदा खालीवर होतो, पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरकडे ढकलतो.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे भांडे. त्याच्या एका कप्प्यात तरंगता फ्लोट असतो. घरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो ना, तसाच. पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. इथेही तेच. पेट्रोल चढले की फ्लोट वर येतो, आणि एक सुई पेट्रोलचे तोंड बंद करते. या कप्प्यातून पेट्रोल बारीक भोकाच्या पितळी जेटमधून जाते. समोरून हवेचा झोत येतो. त्यात पेट्रोलचे तुषार मिसळतात. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल कमी पडले, की इंजिन धक्के देते. जास्त झाले, की काळा धूर सोडते.

आता गाडी सुरू होत नाही. काय करावे? पुष्कळजण लगेच कार्बोरेटर खोलायला बसतात. तसे करू नये. आधी बघावे, मग खोलावे.

पहिली गोष्ट, टाकीत पेट्रोल आहे का? काट्यावर विसंबू नये. जुना काटा खोटे बोलतो. टाकीची खात्री करून घ्यावी.

दुसरी गोष्ट, स्टार्टर थोडा वेळ मारून मग प्लग काढून बघावा. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोचतच नाही. प्लग ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल जास्त येते, नाहीतर ठिणगी पडत नाही. एवढ्या एका गोष्टीने अर्धे काम होते.

समजा, प्लग कोरडा आहे. मग पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी कार्बोरेटरजवळ सोडवावी. तिचे तोंड बरणीत धरावे. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची बारीक वायर आधी काढून ठेवावी. मग एकाने स्टार्टर मारावा. बरणीत पेट्रोल चुळकाचुळका उडाले, तर पंप ठीक. दोष पुढे, कार्बोरेटरात. पेट्रोल आले नाही, तर दोष मागे. नळी, गाळणी किंवा पंपाचा पडदा बघावा. बरणी थोडा वेळ ठेवून द्यावी. पेट्रोलात पाणी साचलेले असेल, तर तळाशी वेगळा थर दिसतो.

पडदा फाटला की आणखी एक धोका असतो. पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी आपोआप वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नका. पातळ झालेले ऑइल इंजिन खाऊन टाकते.

कधी गाडी नीट सुरू होते, काही अंतर जाते आणि बंद पडते. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालते. अशा वेळी टाकीचे झाकण सैल करा. सुस्स असा आवाज करून हवा आत गेली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. ते साफ केले की झाले. पण भर उन्हात, गर्दीत गाडी बंद पडली, तर दुसरे कारण असू शकते. उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढू शकत नाही. म्हणून टॅक्सीवाले पंपावर ओले फडके ठेवत. इंजिन निवले की गाडी चालू!

आता उलट बाजू. कार्बोरेटरातून पेट्रोल बाहेर गळते. बहुधा सुईखाली कचरा अडकलेला असतो. नाहीतर फ्लोटला भोक पडलेले असते. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळले, तर तो बदलावा. आणि चोक ओढलेला राहिला नाही ना, हेही बघावे. ते तर फुकटचे काम!

जेट बुजला, तर हवा मारून साफ करावा. तार घालू नये. भोक जरासे मोठे झाले, तरी पेट्रोल जास्त जाते. मग चांगला जेट वाया गेला म्हणून समजा.

आजच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याने फुगते, मऊ पडते, तडकते. म्हणून जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत. दहा मिनिटांचे काम पुढे ढकलले, तर गरम इंजिनावर पेट्रोल गळते.

शेवटी चार गोष्टी जिवाच्या. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात साचते आणि दूरच्या विडीनेही पेटते. नळी तोंडाने ओढू नका. फुप्फुसात गेलेले पेट्रोल जीव घेते. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून स्टार्टर मारू नका. भडका उलटा येतो आणि तोंडहात भाजतात. आग लागलीच, तर पाणी ओतू नका. जळते पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि पसरते. कोरडी वाळू किंवा आग विझवण्याचे नळकांडे जवळ ठेवा.

विचार करा व सांगा
१. प्लग कोरडा निघाला, तर आपल्याला काय कळते?
२. टाकीचे झाकण सैल का करून बघायचे?
३. जेटमध्ये तार का घालू नये?
४. पेट्रोलच्या आगीवर पाणी का ओतू नये? घरी सर्वांना समजावून सांगा.