संकेतस्थळ-रचनेचा व्यवसाय : गिऱ्हाईक जवळच आहे

तंत्रनिकेतनातून अथवा एखाद्या खासगी वर्गातून संकेतस्थळ-रचनेचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कामाचा. घरी संगणक आहे, हाती कसब आहे. पण गिऱ्हाईक नाही. मग इंटरनेटवरील परदेशी कामांच्या बाजारात जगभरच्या समव्यावसायिकांशी कमी दराची चढाओढ करावी, नाहीतर पुण्याची गाडी धरावी, असे दोनच मार्ग त्याला दिसतात. आपल्याच गावच्या पेठेत काम असू शकेल, हा विचार त्याच्या मनास सहसा शिवत नाही. तो का शिवावा आणि पुढे काय करावे, हे सांगली-मिरज परिसराच्या उदाहरणाने पाहण्यासारखे आहे.

सांगली आणि मिरज ही शहरे एकमेकांपासून सुमारे दहा किलोमीटरांवर आहेत. एकीकडे हळदीची मोठी बाजारपेठ, दुसरीकडे रुग्णालये व तंतुवाद्यांची परंपरा, तासगावकडे द्राक्षे आणि बेदाणा, विट्याकडे यंत्रमाग. व्यवसायांची ही विविधता पाहून नवोदिताला वाटेल की, जो दिसेल त्याला संकेतस्थळ हवेच असणार. तसे नाही. हळदीच्या अडत्याचा व्यवहार सौद्यात आणि दूरध्वनीवर होतो. त्याचे खरेदीदार त्याला वर्षानुवर्षे ओळखतात. अशा व्यापाऱ्याच्या गळ्यात संकेतस्थळ मारले, तर वर्षभराने तो ते बंद करील आणि पेठेत तसे बोलूनही दाखवील. त्याउलट "आपणांस सध्या याची गरज दिसत नाही" असे प्रांजळपणे सांगणाऱ्या तरुणाला तोच व्यापारी, शेतावरचा बेदाणा थेट ग्राहकांना विकू पाहणाऱ्या आपल्या भाच्याकडे पाठवितो. पेठेची रीत अशी आहे.

गरज कोठे असते? जेथे गिऱ्हाईक दूरचे असते आणि ते विकत घेण्यापूर्वी अनेक प्रश्न विचारते, तेथे. मिरजेच्या सतारमेकर मंडळींचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात येथे सतारी व तंबोरे घडविण्यास प्रारंभ केला. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. या वाद्यांचे गिऱ्हाईक कोलकात्यात असेल वा परदेशात. भोपळा कोणता, लाकूड कोणते, स्वर कसा लागतो, स्त्रीस्वराचा तंबोरा मिळेल काय, तो न फुटता पोहोचेल काय, या प्रश्नांची उत्तरे कारागीर दिवसभर दूरध्वनीवर देत असतो. ते प्रश्न वहीत टिपून घेतले की निम्मे संकेतस्थळ तयार झाले! उरलेले काम म्हणजे प्रत्येक वाद्याचे स्वच्छ छायाचित्र आणि अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण. रंगसंगती व हलती चित्रे यांचा क्रम त्यानंतर लागतो. पण शिकाऊ रचनाकार बहुधा तेथूनच आरंभ करतो.

शैक्षणिक संस्था हे दुसरे क्षेत्र. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमान्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते, आणि शासनाकडून भरीव अनुदान घेणाऱ्या संस्थाही त्या व्याख्येत येतात. कित्येक ठिकाणी ही माहिती जुन्या मराठी टंकांत टंकलिखित केलेली असते. ती तशीच संकेतस्थळावर चढविली तर निरर्थक अक्षरांची रांग उमटते आणि शोधयंत्रालाही सापडत नाही. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करून देणे हे किरकोळ वाटणारे, परंतु मागणी असलेले काम आहे. त्यासाठी मराठी जाणणारा माणूस लागतो, आणि येथे परगावच्या मोठ्या कंपनीपेक्षा स्थानिक तरुण सरस ठरतो.

पेठेत जावे कसे, याविषयी दोन शब्द. सकाळच्या भवानीच्या वेळी आणि सायंकाळच्या गर्दीत कोणाही दुकानदाराकडे जाऊ नये. दुपारची तीन-चारची वेळ बरी. जाण्यापूर्वी गूगलच्या नकाशावर त्या दुकानाची नोंद पाहून ठेवावी. पुष्कळदा क्रमांक जुना असतो, वेळ चुकीची असते, क्वचित दुकान दुसऱ्याच गल्लीत दाखविलेले असते. ही नोंद दुरुस्त करण्यास शुल्क पडत नाही. मालकाच्याच भ्रमणध्वनीवर ती त्याच्यासमोर दुरुस्त करून द्यावी व त्या दिवशी संकेतस्थळाचा विषय काढू नये. गावातील छापखानदार, छायाचित्रकार आणि सनदी लेखापाल यांच्याशी परिचय ठेवणेही हिताचे असते. नवे दुकान निघणार ही वार्ता सर्वांआधी छापखान्यात येते. नावाचे कार्ड तेथेच छापावयाचे असते ना!

आता व्यवहाराची बाजू. प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका लहान संस्थेने काही वर्षांपूर्वी एका तरुणाकडून संकेतस्थळ करून घेतले. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदणीकृत नाव, त्याने स्वतःच्या नावे घेतले. पुढे त्याला नोकरी लागली, क्रमांक बदलला, वार्षिक नूतनीकरण राहून गेले आणि ते नाव संस्थेच्या हातून गेले. त्याच्या मनात कपट होते असे नाही. परंतु त्यानंतर त्या संस्थेच्या दारात आलेल्या प्रत्येक होतकरू तरुणास उभ्याउभ्याच निरोप मिळाला. म्हणून डोमेन गिऱ्हाईकाच्याच नावे व त्याच्याच ई-मेलवर नोंदवावे, आणि सर्व परवलीचे शब्द त्याला लेखी द्यावेत. काम अडवून धरण्याचे साधन हातचे जाते, अशी शंका काहीजण घेतात. त्यांनी निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. तो अधिक सरळ उपाय आहे.

दरपत्रक एका पानाचे, मराठीत असावे. किती पाने, कोणत्या भाषांत, मजकूर कोण देणार, दुरुस्त्या किती वेळा, वार्षिक देखभालीचे शुल्क किती, हे त्यात स्पष्ट लिहावे. मजकूर वेळेवर न मिळणे हेच या धंद्यातील विलंबाचे नेहमीचे कारण असते, म्हणून त्याचीही तारीख घालावी.

पहिले काम स्वीकारण्यापूर्वी 'उद्यम' नोंदणी करून घेणे इष्ट. २०२० साली सुरू झालेली ही नोंदणी विनाशुल्क असून आधार क्रमांकावरून घरबसल्या होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांविषयीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योजकाचे देणे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागते, आणि ही मुदत पंचेचाळीस दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. मुदतीचा लेखी करार नसल्यास ती पंधरा दिवसांची धरली जाते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आकारता येते. अर्थात, गावातील गिऱ्हाईकावर हा कायदा उगारण्याचे प्रसंग विरळाच यावेत. पण बिलावर नोंदणी क्रमांक व मुदत छापलेली असली की मागणे सोपे जाते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असेपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची नाही. संगणकासाठी भांडवल हवे असल्यास २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेतील 'शिशु' गटात पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. मोठ्या योजनांची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

पहिले संकेतस्थळ पूर्ण झाले की एका वहीत त्याच्या डोमेनची नूतनीकरणाची तारीख लिहावी आणि त्या तारखेच्या महिनाभर आधी गिऱ्हाईकाकडे स्वतः जाऊन यावे. दूरध्वनी पुरेसा आहे असे वाटेल, तरीही जावे. दुसरे काम बहुधा त्याच भेटीत, चहा येईपर्यंतच्या बोलण्यात निघते.