एजंट गावचा असला तरी परवाना बघा

मी काम झेपेना म्हणून दुबईहून पळून आलो, असं आमच्या एजंटने गावभर सांगितलंय. खरं काय ते लिहितो. खेड-दापोलीकडची पोरं अजून त्याच्याकडे जातायत.

वेल्डरचं काम, १,८०० दिरहम पगार, राहणं कंपनीचं, असा शब्द त्याने दिला होता. सरकारी मंजुरीचं मी स्वतः विचारलं. म्हणाला, ‘‘तू दहावी पास, तुझा पासपोर्ट ईसीएनआर. तुला काही लागत नाही.’’ अर्धंच खरं. मंजुरी लागत नाही, पण माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या कायद्याने परवाना लागतोच. तो त्याच्याकडे नव्हता.

शारजाच्या कॅम्पात फोरमनने कागद बघितला आणि म्हणाला, ‘‘ये तो विजिट है.’’ व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा. अंगातलं बळच गेलं. एजंटला फोन लावला, तर म्हणतो, ‘‘विमानात बसवलं ना? पुढचं तुझं तू बघ.’’ आईच्या पाटल्या गहाण होत्या, हे त्याला माहीत होतं.

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढं कराच. एजंटचा परवाना क्रमांक घ्या आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. ‘मुंबईच्या ऑफिसचा माणूस’ म्हणवणाऱ्या सबएजंटला कायद्यात जागा नाही. एजंटची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी. माझ्याकडून लाखाच्या वर घेतले, तेही रोख. अमिरातीत जाणार असाल तर तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर निघण्याआधी हातात हवं. पगाराचा आकडा त्यावर असतो. उतरल्यावर कमी पगाराचा दुसरा करार पुढे केला तर सही करू नका. पासपोर्ट कंपनीकडे ठेवायला देऊ नका, तो काढून घेणं तिथेही बेकायदा आहे. ईसीआर, म्हणजे सरकारी मंजुरी लागणाऱ्या, पासपोर्टवाल्यांना प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांचे २७५ रुपये, अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण. पॉलिसी घरी ठेवून जा.

 

फसलात तर दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जा. इथे मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. ‘गावातलं भांडण गावात मिटवू’ म्हणणारे मलाही भेटले. त्यांच्यातल्या एकानेही पाटल्या सोडवून दिल्या नाहीत.