आरसीवर एकच नाव असतं

आम्ही चौघांनी मिळून घेतलेल्या मॅटाडोरचं काम वायरिंगमुळे रखडलं, असं मंडळींत अजून सांगितलं जातं. ते खोटं आहे. वायरिंग माझ्याकडे होतं. कंट्रोल पॅनल जोडणं हा माझा रोजचा धंदा आहे आणि माझं काम ठरल्या वेळी पूर्ण झालं होतं. रखडला तो पत्रा. आणि पत्रा रखडला कारण गाडी ज्याच्या नावावर घेतली होती, त्याला पत्र्याच्या आधी फ्रिज हवा होता.

गाडी ऐंशीच्या दशकातली, बजाज टेंपोची. इंजिन मर्सिडीजचं ओएम 616, परवान्याने इथेच बनलेलं. पुढे कंपनीच्या ट्रॅक्स आणि गुरखा या गाड्यांनाही त्याच घराण्यातली इंजिनं बसली, म्हणून सुटे भाग आजही मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारली तरी काही ना काही हाती लागतं. मॅटाडोरची ताकद पुढच्या चाकांना जाते, मागे शाफ्ट नाही, त्यामुळे फ्लोअर खाली आणि सपाट. आत राहायची-झोपायची सोय करायला आपल्याकडे याहून चांगली जुनी गाडी नाही, हे माझं मत आजही कायम आहे. म्हणूनच राग जास्त येतो.

गाडी रत्नागिरीकडे वापरलेली होती आणि खाऱ्या हवेने पत्रा आतून खाल्लेला होता. तुम्ही जुनी गाडी बघायला जाल तेव्हा रंगाकडे बघू नका. मॅट उचला आणि पेचकस टोचा. दरवाज्याखालची पट्टी, चाकांच्या कमानी, छताच्या कडेची पन्हळ, इथे चुंबक फिरवा. चिकटला नाही तर खाली लांबी भरलेली आहे असं समजा. हे सगळं मी गाडी घेतानाच बोलले होते. सडलेला फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, मग ब्रेक, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी राहायची सोय, असा क्रम वहीत लिहून दाखवला होता. बाकी तिघांनीही होकार दिला होता.

गाडी ज्याच्या नावावर होती, त्याने मात्र परस्पर सुताराला बोलावलं. सडक्या फ्लोअरवरच प्लाय ठोकून घेतला, वर सागवानी पॉलिश मारलं आणि फोटो फिरवायला सुरुवात केली. प्लायखाली ओल धरली की पत्रा आणखी लवकर जातो. शिवाय वजनाचं काय? 19 मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक बोर्ड तीस किलोच्या पुढे जातो. शंभर लिटर पाण्याची टाकी भरली की शंभर किलो वाढले. ड्रम ब्रेकच्या इतक्या जुन्या गाडीवर हे ओझं चढवायचं तर ब्रेकचं काम आधी नको का? असं विचारलं की ‘तू फार टेक्निकल होतेस’ हे उत्तर ठरलेलं.

फ्यूजचं प्रकरण तर मी विसरूच शकत नाही. मी दोन बॅटऱ्या ठेवल्या होत्या. एक फक्त स्टार्टरला, दुसरी आतल्या दिवे-पंख्याला, मध्ये रिले, आणि दोन्हींच्या प्लसजवळ फ्यूज. त्याने हजार वॅटचा इन्व्हर्टर आणून दिव्याच्या वायरीवर जोडला. घरात हजार वॅटला चार-साडेचार अँपिअर लागतात. 12 व्होल्टवर तेवढ्याच कामाला ऐंशीच्या वर करंट ओढला जातो. फ्यूज उडणारच, तो उडण्यासाठीच असतो. त्याने फ्यूजच्या जागी तार घातली. मी पुढच्या वेळी गॅरेजला गेले तेव्हा वायरीचं प्लास्टिक वितळून प्लायच्या मागच्या बाजूला चिकटलं होतं. त्याच प्लायला लागून गाद्या होत्या. मी मेन वायर काढून ठेवली आणि गाडी बाहेर न्यायला नकार दिला. ‘हिच्या वायरिंगमुळे काम रखडलं’ ही कथा तिथून सुरू झाली.

मी आजही तेच करेन. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फ्यूज वायरीला वाचवतो, यंत्राला नाही. वायरीला झेपेल त्याहून मोठा फ्यूज घालणं आणि तार घालणं यात फारसा फरक नाही. आणि कोणी घरचा गॅस सिलिंडर आत बसवायला निघाला तर त्याला थांबवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, फ्लोअरवर साचतो, आणि रात्री माणसं तिथेच झोपलेली असतात.

आता मुख्य गोष्ट. विम्याची मुदत संपत आली असेल म्हणून मी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला. आठवण करून द्यायची जबाबदारी नेहमी माझ्यावरच असायची. ॲपवर मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, बरीचशी अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात. पण जी दिसत होती ती त्याच्या नावात बसत नव्हती. आधी वाटलं नंबर चुकला, म्हणून गाडीच्या फोटोवरून परत टाकला. पुन्हा तेच नाव. त्या दोन ओळींकडे मी किती वेळ बघत बसले ते सांगता येणार नाही. गाडी विकली गेली होती, नाव बदलून झालं होतं, आणि आमच्या ग्रुपवर तो तोपर्यंत पडद्यांचे रंग टाकत होता.

फोन केला. ‘अगं, सांगणारच होतो.’ मग, ‘चांगलं गिऱ्हाईक आलं, सोडवेना.’ आणि शेवटी, ‘तसं बघितलं तर गाडी माझ्याच नावावर होती ना?’ हे शेवटचं वाक्य त्याने अगदी शांतपणे उच्चारलं. ज्या माणसाबरोबर कॉलेजपासून डबा खाल्ला त्याच्या तोंडून. बाकीच्या दोघांनी ‘तुम्ही आपसात मिटवा’ म्हणून हात झटकले. पैसे त्यांचेही गेले होते, पण वाईटपणा एकटीने घ्यायचा होता.

विकताना त्याने ती ‘व्हिंटेज कॅम्पर’ म्हणून खपवली, हे नंतर कळलं. ते सरळ सरळ खोटं आहे. केंद्र सरकारच्या 2021च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणवायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे जी गाडी बदलून कॅम्पर केली, ती त्या नोंदणीत बसतच नाही. उलट मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या नोंदींशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. 2019च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलांसाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून सुताराच्या आधी आरटीओत जा, काय चालेल ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही बदल कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

आणि कागद करा. आरसीवर नाव एकाचंच लागतं आणि कायदा त्यालाच मालक धरतो. विकताना फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याची नि घेणाऱ्याची सही झाली की पुरे, पैसे घातलेल्या बाकीच्यांना कोणी विचारत नाही. तेव्हा गाडी घ्यायच्या आधी 500च्या स्टॅम्प पेपरवर करार करा. कोणाचा किती वाटा, कोणाच्या कामाची किंमत किती धरायची, कोणी बाहेर पडला तर त्याला काय मिळणार, आणि सगळ्यांच्या लेखी संमतीशिवाय विक्री नाही, हे सगळं त्यात असू द्या. कामाची किंमत हा मुद्दा सोडू नका. पैसे देणाऱ्याचं बिल असतं, रविवारी गाडीखाली पडून वायर ओढणाऱ्याचं नसतं. रोख देऊ नका, यूपीआयने द्या आणि कशासाठी ते नोंदीत लिहा. माझे जे पैसे परत आले ते अशा नोंदींमुळेच, आणि तेही वकिलाचं पत्र गेल्यावर. कष्टाचं काहीच आलं नाही. घाई करू नका, बिलं जपा, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे.

ती गाडी ज्यांनी घेतली त्यांच्यापर्यंत हे पोचलं तर एवढं करा. ड्रायव्हर सीटच्या मागची फळी उघडा, इन्व्हर्टरकडे जाणारी वायर बघा. फ्यूजच्या जागी तार असेल तर ती काढेपर्यंत आत कोणाला झोपू देऊ नका. पुढचा फ्लोअरही प्लाय उचलून तपासा. वायरिंगचा नकाशा माझ्याकडे आहे. मागितलात तर देईन, त्याचे पैसे घेणार नाही.