सॉफ्टनरचं मीठ आणि वॉरंटीची अट

प्रश्न : आम्ही आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडलात राहतो. बोअरचं पाणी इतकं जड आहे की साबणाला फेस येत नाही आणि बादलीवर पांढरा थर चढतो. गेल्या वर्षी यवतमाळच्या दुकानातून सॉफ्टनर आणला. दुकानदार म्हणतो, ‘आमच्याच मिठाच्या गोळ्या घाला, बाहेरचं मीठ घातलं की वॉरंटी संपली.’ गोळ्यांचा भाव जाड्या मिठाच्या कितीतरी पट आहे. कोणतं मीठ घ्यावं? तक्रार करायची झाली तर यवतमाळला खेपा घालाव्या लागतील का? – एक वाचक

उत्तर : खेपांची काळजी सोडा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वस्तू पैनगंगेपलीकडे, दुसऱ्या राज्यात घेतली असली तरी आदिलाबादचा जिल्हा ग्राहक आयोग तुमची तक्रार ऐकेल. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहा, पुष्कळदा तिथेच प्रकरण मिटतं.

पण तक्रारीच्या आधी वॉरंटी कार्ड काढून नीट वाचा. दुकानदाराचं तोंडी बोलणं म्हणजे अट नव्हे. कार्डावर मिठाची फक्त प्रत सांगितली असेल, म्हणजे अमुक टक्के शुद्ध, आयोडीन नको वगैरे, तर त्या प्रतीचं मीठ कुठल्याही दुकानातलं चालेल. प्रत्येक गोणीचं बिल जपा, लेबलाचा फोटो काढून ठेवा. ‘आमचंच मीठ’ अशी अट छापलेली असेल आणि विकताना ती तुमच्यापासून लपवली असेल, तर माझ्या मते आयोगापुढे मांडण्यासारखा मुद्दा तुमच्या हाती आहे. यंत्र बिघडलं आणि दुकानदाराने मिठावर बोट ठेवलं, तर बिघाड मिठामुळेच कसा झाला, हे त्याच्याकडून लेखी मागा.

आता मीठ. यंत्रातल्या रेझिनचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात व बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या दाट पाण्याने ते धुवून पुन्हा कामाला लावायचे, एवढंच मिठाचं काम. त्यासाठी शुद्ध, माती नसलेलं, बिनआयोडीनचं मीठ पुरतं. गोळी असो की खडा. स्वयंपाकाचं बारीक मीठ मात्र नको. ते टाकीत घट्ट बसतं, वर कडक पापुद्रा धरतो आणि खालच्या पाण्यात मीठ उतरतच नाही. स्वस्त जाड्या मिठाची परीक्षा घरीच होते : काचेच्या ग्लासात मूठभर मीठ विरघळवून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ किंवा वर मळकट तवंग दिसला, तर तोच गाळ रेझिनमध्ये जाऊन बसणार. असं मीठ स्वस्त पडत नाही. पावसाळ्यात ज्या गोणीला फार पाणी सुटतं, त्या मिठात मॅग्नेशियम जास्त असतं, तीही टाळा.

आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशात बंदी आहे, यंत्रासाठी नाही. म्हणून ही गोणी स्वयंपाकघरापासून दूर ठेवा, घरात मुलं किंवा गरोदर बाई असेल तर विशेषच. साध्या मिठावर जीएसटी शून्य आहे. बिलात लावला असेल तर विचारा. पाकिटावर निव्वळ वजन आणि कमाल किंमत छापलेली हवी.

खरी बचत मात्र भावात नाही, वापरात आहे. समजा पाण्याची कठीणता लिटरला ६०० मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ती २०० पर्यंत असावी. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालते. रोज ५०० लिटर पाणी मऊ केलं तर ३०० ग्रॅम क्षार काढावे लागतात आणि त्याला दुप्पट-तिप्पट मीठ जातं. म्हणजे महिन्याला १८ ते २७ किलो. तेच यंत्र फक्त न्हाणी, गिझर आणि वॉशिंग मशीनच्या नळाला जोडून २०० लिटरवर भागवलंत, तर ७ ते ११ किलोत काम होतं. प्लंबरचा खर्च एकदाच आहे.

प्यायला आणि स्वयंपाकाला तेलंगणा सरकारच्या मिशन भगीरथ नळयोजनेचं पाणी वापरा. एवढं जड पाणी मऊ केलं की लिटरमागे सुमारे २७५ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, ते रक्तदाबाच्या माणसाला घातक. आणि बोअरमध्ये फ्लोराइड असेल तर ते सॉफ्टनरने जात नाही, मीठ कितीही महागाचं घाला. यंत्र धुतल्यावर निघणारं खारं पाणी परसबागेत किंवा कपाशीच्या रानात सोडू नका. काळी जमीन सोडियमने चिकट होऊन आवळते, मग पाणी मुरत नाही आणि ती सुधारायला जिप्सम घालत बसावं लागतं.