मेपलचे गुऱ्हाळ



उसाशिवाय साखर म्हटली की आपल्याला बीट आठवते. पण खोडाला भोक पाडून गोड रस काढणारे शेतकरीही आहेत, बरं का. कॅनडातील क्वेबेक, ऑन्टारिओ, न्यू ब्रन्सविक आणि अमेरिकेतील व्हरमाँट, न्यूयॉर्क, मेन हा शुगर मेपल झाडाचा मुलूख. जगातला सुमारे ७० टक्के मेपलचा पाक एकट्या क्वेबेकात होतो. गोरे लोक येण्याआधीपासून तिथले मूळ रहिवासी हा रस आटवीत आले आहेत.

हंगाम जेमतेम चार ते सहा आठवड्यांचा, फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. रात्री पाणी गोठावे, दिवसा बर्फ वितळावा, असे दिवस आले की खोडात दाब धरून रस वाहतो. कळ्या फुगल्या की पाकाची चव बिघडते, मग काम बंद. तेव्हा हे झाड आपल्याकडे लावा, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही.

खोडाचा व्यास २५-३० सें.मी. झाल्याखेरीज भोक पाडत नाहीत, आणि त्याला ४० वर्षे सहज लागतात. आज्याने राखलेले झाड नातवाच्या कामी येते म्हणा ना! भोक ८ मि.मी. रुंद, सुमारे ४ सें.मी. खोल. त्यात तोटी ठोकून बादली टांगतात. दरवर्षी जागा बदलावी लागते, कारण भोकाच्या वरखालचे लाकूड मरते व पुन्हा रस देत नाही. हाव धरून लहान झाडाला जास्त भोके पाडली, तर झाडच खंगते.

आता उताऱ्याचे बघू. रसात साखर अवघी २ टक्के! ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक. उरलेल्या ३९ लिटरची वाफ करायची आणि जाळायला आपल्यासारखे चिपाड नाही. सरपण आदल्या वर्षीच फोडून वाळवावे लागते. मोठे उत्पादक आधी यंत्राच्या पडद्यातून बरेच पाणी काढून घेतात. लहान शेतकऱ्याची मात्र पसरट काहील आणि चुलवाणच. रस शिळा झाला तर बिघडतो, तोडलेल्या उसासारखेच. फेस वर आला की लोण्याचा खडा टाकतात. आपण एरंडेलाचा थेंब टाकतो तसा.

पाक झाला हे बोटाच्या तारेवर सोडत नाहीत. त्या दिवशी साधे पाणी किती अंशाला उकळते ते आधी पाहतात आणि त्यापेक्षा ४ अंश सेल्सिअस वर गेले की काहील उतरवतात. तेव्हा ब्रिक्स ६६-६७ असते. कमी आटवला तर आंबतो, जास्त आटवला तर तळाशी खडे धरतात. मग गरम असतानाच जाड कापडातून गाळून खनिजाची बारीक वाळू काढायची. दिसायला हा पाक आपल्या काकवीपेक्षा पातळ असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या जवळची. क्वेबेकातील उत्पादकांनी १९२५ मध्येच सहकारी संस्था काढली. पुढे त्यांच्या संघाने २००० पासून राखीव साठा ठेवला आणि २००४ पासून प्रत्येकाचा कोटा ठरवला. त्यामुळे भाव टिकला. काही शेतकऱ्यांना मात्र आपला माल आपण विकायला बंदी का, हे पटले नाही आणि ते कोर्टात गेले. २०११-१२ मध्ये त्या साठ्यातून सुमारे ३,००० टन पाक चोरीस गेला. तपासणीत पिंपे रिकामी निघाली, काहींत नुसते पाणी भरलेले होते.